घारीच्या मानेवरची ऊ

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गच्चीवर मांज्यानं पंख कापलेली एक घार सापडली. तिला खोक्यात ठेवताना पिसांतून एक चपटी, तपकिरी ऊ माझ्या मनगटावर आली. जवळजवळ एक सेंटिमीटर लांब! "अहो, आता घरभर उवा होतील," म्हणत शेजारच्या काकू मागं सरल्या. घार दारात पडणं अशुभ, म्हणून एकानं लिंबू उतरवायचं सुचवलं. कापलेल्या पंखाला लिंबू काय करणार? तिला पशुवैद्याकडे नेणं गरजेचं होतं.

काकूंची भीतीही निराधार. पक्ष्यांच्या उवा माणसावर जगत नाहीत. लिखेपासून मरेपर्यंत त्यांचा मुक्काम पक्ष्याच्याच अंगावर. त्यांना पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. पक्षी मेला की काही दिवसांत त्याही मरतात. म्हणून आई पिल्लांना उबेला घेते, तेव्हाच त्यातल्या बऱ्याच जणी पुढच्या पिढीवर चढतात.

मला खरं वेड लावलंय ते या उवांच्या लपाछपीनं. पक्षी दिवसातून कितीतरी वेळा चोचीनं पिसं विंचरतो. कबुतराच्या वरच्या चोचीचं टोक खालचीपेक्षा एखाद-दोन मिलिमीटर पुढं आलेलं असतं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या डेल क्लेटन यांच्या गटानं तेवढंच टोक छाटून पाहिलं. कबुतरं खाऊनपिऊन पूर्वीसारखीच राहिली, विंचरतही होती, पण उवा मात्र बेसुमार वाढल्या. विंचरताना खालची चोच पुढं सरकते आणि टोकाखाली सापडलेली ऊ दोहोंमध्ये रगडली जाते. टोकच नसेल तर रगडणार कशावर?

पण चोच कितीही पटाईत असली, तरी स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. तिथं फक्त नखांनी खाजवता येतं. गरुड-घारींच्या डोक्या-मानेवर नेमक्या क्रॅस्पेडोरिंकस वंशातल्या उवा राहतात. अंगानं बुटक्या, डोकं रुंद, त्रिकोणी. पिसाचा तंतू जबड्यात धरायचा आणि डोक्याखालच्या खाचेत बसवायचा, की पकड पक्की.

पक्षी आजारी पडला की विंचरणं थांबतं, उवा वाढतात. तेव्हा औषध लावावंच. पण ऊ दिसली की औषध, ही सवय एकदा फार महागात पडली. कॅलिफोर्निया कॉन्डॉर हे अमेरिकेतलं प्रचंड गिधाड. १९८२ साली जगात अवघी २२ उरली होती. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षी पकडला, तेव्हा एकूण २७ झाली होती. त्यांना वाचवताना कीटकनाशक लावून उवा काढल्या. कोल्पोसेफॅलम कॅलिफोर्निकाय ही ऊ शास्त्रज्ञांनी १९६३ साली नोंदवली होती, तीही याच गिधाडावर. नंतर ती कुणालाच दिसली नाही. कॉन्डॉर आता शेकड्यांनी आहेत. औषध लावताना दोन-चार धडधाकट पक्षी तरी वगळायला हवे होते.