राइट टू बाय आणि राइट टू अक्वायर: नावं सारखी, हिशोब वेगळा

इंग्लंडमध्ये सरकारी भाड्याच्या घरात राहणाऱ्याला तेच घर सवलतीत विकत घेता येतं हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं, पण त्यासाठी दोन वेगळ्या स्कीम आहेत हे फॉर्म भरायला बसल्यावरच कळतं. एक राइट टू बाय, दुसरी राइट टू अक्वायर. मराठीत दोन्हीचा अर्थ एकच, घर घ्यायचा हक्क, मग घोळ होणारच ना.

कुणालाही विचारलं की एकच उत्तर मिळतं, कौन्सिलचे, म्हणजे स्थानिक पालिकेचे भाडेकरू असाल तर बाय आणि हाउसिंग असोसिएशनचे, म्हणजे कमी भाड्याची घरं चालवणाऱ्या ना-नफा संस्थेचे असाल तर अक्वायर. हे अर्धंच खरं आहे. आमच्या ओळखीच्या एक मावशी कितीतरी वर्षं कौन्सिलच्या फ्लॅटमध्ये राहत होत्या, मधे कौन्सिलने अख्खी इस्टेट, म्हणजे घरांची वसाहत, एका असोसिएशनला देऊन टाकली, पत्रावरचं नाव बदललं, भाडं दुसऱ्या खात्यात जायला लागलं, आणि मावशींनी धरूनच चाललं की आपण आता असोसिएशनवाले, म्हणजे आपल्याला अक्वायर. फोनवर पण त्यांना तेच सांगितलं गेलं. मग मुलाने ड्रॉवरमधून जुनं टेनन्सी अ‍ॅग्रीमेंट काढलं, त्यावर कौन्सिलचं नाव आणि सिक्युअर टेनंट, म्हणजे कायद्याने पक्का हक्क असलेला भाडेकरू, असं स्पष्ट लिहिलेलं. घरात माणूस राहत असताना घर असं ट्रान्सफर झालं असेल तर बहुतेक वेळा त्याचा बायचा हक्क तसाच राहतो, त्याला प्रिझर्व्ह्ड राइट टू बाय म्हणतात. म्हणजे आज भाडं कुणाला भरताय एवढंच बघून चालत नाही, तुम्ही राहायला आलात तेव्हा मालक कोण होता ते पण बघायचं.

अक्वायर १९९६ च्या हाउसिंग अ‍ॅक्टमधून आलं आणि त्यात घराचा इतिहास अजूनच खोदावा लागतो. असोसिएशनने ते घर ३१ मार्च १९९७ नंतर सरकारी पैशातून बांधलेलं किंवा घेतलेलं असलं पाहिजे, नाहीतर त्या तारखेनंतर कौन्सिलकडून आलेलं. त्याआधीचं असेल तर सहसा विषय संपला, तुम्ही कितीही वर्षं राहिलेले असा. छोट्या खेडेगावांतली बरीच घरं पण यातून वगळलीत. बाय त्यापेक्षा जुनं, तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंच्या सरकारने १९८० मध्ये कायदा करून आणलेलं.

आता पैसे. अक्वायरमध्ये सवलत ठरलेली असते, भागानुसार ९,००० ते १६,००० पौंड. बायमध्ये टक्केवारी चालते, भाडेकरू म्हणून ३ ते ५ वर्षं झाली असतील तर घराला ३५ टक्के आणि पुढे वर्षाला १ टक्का, फ्लॅटला ५० टक्के आणि पुढे वर्षाला २, दोन्हीकडे जास्तीत जास्त ७०. ऐकायला भारी वाटतं, पण वर रकमेची मर्यादा आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२४ पासून धाडकन खाली आणलीय, आता भागानुसार १६,००० ते ३८,००० पौंड. आधी लंडनमध्ये ती लाखाच्या वर होती, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून बजेट करू नका!

लेस्टरमधलं २ लाख पौंडांचं घर धरा, भाडेकरू ८ वर्षं जुना. टक्केवारीने ३८ टक्के म्हणजे ७६,००० होतात, पण तिथली मर्यादा २४,००० म्हणून हातात २४,००० च. लंडनच्या बहुतेक भागात तर बायची मर्यादा १६,००० आणि अक्वायरची सवलत पण १६,०००, म्हणजे तिथे कुठली स्कीम यावरून भांडण्यात फारसा अर्थच उरला नाही.

किमान ३ वर्षं सरकारी भाड्याच्या घरात राहिल्याची अट दोन्हीकडे आहे, वर्षं सलग नसली तरी चालतात. जुलै २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलंय की बायसाठी ती १० वर्षं करणार आणि टक्केवारी ५ पासून १५ पर्यंतच ठेवणार, म्हणून अर्ज टाकायच्या दिवशी नियम काय आहे ते बघून घ्या. स्कॉटलंडने बाय २०१६ मध्ये बंद केलं, वेल्सने २०१९ मध्ये.

आणखी एक, लवकर विकायचा प्लॅन असेल तर. ५ वर्षांच्या आत विकलं तर सवलत परत करावी लागते, पहिल्या वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी ८० टक्के, असं उतरत जातं. आणि ती विक्रीच्या किमतीवर मोजतात. लेस्टरच्या घरात २ लाखांवर २४,००० म्हणजे सवलत १२ टक्के पडली, ते दुसऱ्या वर्षी २,२०,००० ला विकलं तर १२ टक्के होतात २६,४०० आणि त्याचे ८० टक्के म्हणजे २१,१२० परत.

बायचा फॉर्म आरटीबी१, अक्वायरचा आरटीए१. घरमालकाने साधारण ४ आठवड्यांत हो-नाही कळवायचं असतं, त्यानंतर ऑफर येते. फ्लॅट असेल तर ऑफरमध्ये पुढच्या ५ वर्षांच्या सर्व्हिस चार्जचा आणि मोठ्या दुरुस्त्यांचा अंदाज असतो, लोक किंमत बघतात आणि हे पान उलटतात.

मावशींनी उलटलं नाही. त्यांच्या ऑफरमध्ये छताच्या कामाचा आकडा बघून मुलगा म्हणाला, आई, थांब जरा. उत्तर द्यायला १२ आठवडे मिळतात, त्यातले ५ गेलेत.