सूज तीच, फेस तोच, आजार मात्र दोन

सकाळी उठल्यावर सात वर्षांच्या मुलाचे डोळे सुजलेले दिसतात. घरच्यांना वाटतं, रात्री काहीतरी चावलं असेल. चार दिवसांत पोट फुगतं आणि लघवीला फेस येतो. दुसऱ्या घरी पंचावन्न वर्षांच्या वडिलांच्या पायावर संध्याकाळी मोज्याचा वळ खोल उमटतो, नडगीवर बोटाने दाबलं की खड्डा तसाच राहतो, आणि लघवीला तोच फेस. दोघांच्या कागदावर एकच नाव: नेफ्रोटिक सिंड्रोम. मुलाची सूज प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी दोन-तीन आठवड्यांत उतरते. वडिलांच्या लघवीतून मात्र प्रोटीन, ज्याचा तो फेस येतो, सहा-आठ महिने झाले तरी जातच असतं. मग घरचे विचारतात, "त्याला ज्या गोळ्यांनी गुण आला, त्याच यांना का नाही देत?" प्रश्न अगदी रास्त आहे.

नेफ्रोटिक सिंड्रोम हे लक्षणांच्या जुडग्याचं नाव आहे. मुलांमध्ये त्यामागे बहुतेक वेळा मिनिमल चेंज डिसीज असतो. मोठ्या माणसांत, मधुमेह नसेल तर, मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी वरचेवर सापडते. दोन्ही आजारांत घाव एकाच पेशीवर बसतो. मूत्रपिंडातल्या प्रत्येक गाळणीवर, म्हणजे ग्लोमेरुलसवर, पोडोसाइट नावाच्या पेशी बोटांत बोटं गुंफल्यासारख्या बसलेल्या असतात. त्या बोटांमधल्या फटीवर नेफ्रिन या प्रथिनाची जाळी असते. नेफ्रिनचं जनुक 1998 मध्ये फिनलंडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून सापडलं. तिथल्या काही बाळांना नेफ्रोटिक सिंड्रोम जन्मतःच होत असे.

मिनिमल चेंजचं नाव पडलं ते साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काहीच बिघडलेलं दिसत नाही म्हणून. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर पोडोसाइटची बोटं चपटी होऊन एकमेकींत मिसळलेली दिसतात. प्रतिपिंडांचा, म्हणजे शरीराच्या संरक्षक प्रथिनांचा, साका मात्र नसतो. त्यामुळे 1974 मध्ये शाल्हूब या डॉक्टरांनी टी-पेशींतून, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींतून, निघणाऱ्या एखाद्या द्रव्यावर संशय घेतला. गोवर आल्यावर काही मुलांचा आजार शमतो, हा त्यांचा एक पुरावा होता. पुढची अनेक वर्षं हेच शिकवलं गेलं. 2022 मध्ये बॉस्टनच्या आणि 2024 मध्ये हॅम्बर्गच्या गटाने दाखवलं की बऱ्याच रुग्णांच्या रक्तात नेफ्रिनविरुद्धच प्रतिपिंडं असतात. हॅम्बर्गच्या पाहणीत, आजार भरात असताना आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू नसताना, मुलांमध्ये हे प्रमाण 90 टक्के निघालं. उंदरांत नेफ्रिन टोचून तसाच आजारही उभा राहिला.

मेम्ब्रेनसचा शोध जास्त लांबला. वॉल्टर हेमन यांनी 1959 मध्ये उंदीर-घुशींच्या जातीतल्या प्राण्यांत हा आजार घडवला, पण तिथे प्रतिपिंड ज्या प्रथिनाला चिकटत होतं ते माणसाच्या पोडोसाइटवर नव्हतंच. 2002 मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांपुढे आजार घेऊनच जन्मलेलं एक बाळ आलं. पोडोसाइटवर असणारं एक एन्झाइम आईच्या शरीरात मुळातच नव्हतं. बाळात ते होतं, म्हणून आईच्या शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडं केली, ती वारेतून बाळात उतरली आणि त्याच्या पोडोसाइटवर जाऊन बसली. आईची मूत्रपिंडं धडधाकट होती, कारण तिथे चिकटायला काही नव्हतंच. या आजाराच्या अभ्यासातली ही मला सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. माणसातही मारा थेट पोडोसाइटवर होऊ शकतो, हे त्या एका बाळाने सिद्ध केलं. 2009 मध्ये बेक आणि सलांट यांच्या गटाला मुख्य लक्ष्य सापडलं, पीएलए2आर हे पोडोसाइटवरचं प्रथिन. मूळ कारण बाहेरचं नसलेल्या रुग्णांपैकी सुमारे 70 टक्क्यांत त्याविरुद्धची प्रतिपिंडं मिळतात, आणि आता ती साध्या रक्ततपासणीत कळतात.

नेल-1 हे प्रथिन, म्हणजे प्रतिपिंडांचं आणखी एक लक्ष्य, आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी त्याचा संबंध पारा असलेल्या पारंपरिक औषधांशी दाखवला, तर केरळमधल्या डॉक्टरांनी गोरेपणाच्या क्रीमशी. डॉक्टरांनी "भस्म, पुडी, क्रीम काही चालू आहे का?" असं विचारलं तर संकोच न करता डबीच समोर ठेवावी. अशा रुग्णांपैकी अनेकांना ती वस्तू बंद केल्यावरच उतार पडला आहे.

उपचारांतला फरक इथूनच येतो. मिनिमल चेंजमध्ये बहुतेक मुलांना स्टिरॉइड लागू पडतं. पण आजार उलटण्याची खोड मोठी, म्हणून आईबाप सकाळच्या लघवीत सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकून परीक्षानळी दुधाळ होते का पाहतात आणि वहीत रोज नोंद करतात. मेम्ब्रेनसमध्ये एकट्या स्टिरॉइडचा भरवसा नाही. साधारण एक तृतीयांश रुग्ण आपोआप सुधारतात, म्हणून धोका कमी असेल तर डॉक्टर काही महिने थांबून पाहतात. बाकीच्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं: रिटुक्सिमॅब, किंवा स्टिरॉइडसोबत सायक्लोफॉस्फमाइड. या दुसऱ्या पद्धतीचा चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेचा अभ्यास 2007 मध्ये आला. दहा वर्षांनी डायलिसिसशिवाय जगणारे उपचार घेतलेल्यांत 89 टक्के होते, न घेतलेल्यांत 65.

मोठ्यांनाही मिनिमल चेंज होतो, त्यामुळे नुसत्या वयावरून निदान करता येत नाही. पीएलए2आरची तपासणी पॉझिटिव्ह आली तर कधीकधी बायॉप्सी, म्हणजे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासणं, टळते, एरवी ती करावीच लागते.

आणि वडिलांना वेळ का लागतो? मुलाच्या गाळणीत साका नसतो, त्यामुळे मारा थांबला की बोटं काही दिवसांत पुन्हा पसरतात. वडिलांच्या गाळणीत प्रतिपिंडांचे ढीग साचलेले असतात, त्यांनी कॉम्प्लिमेंट ही प्रथिनांची साखळी पेटवलेली असते, आणि गाळणीचं पातळ पटल त्या ढिगांभोवती वाढलेलं असतं. औषधाने रक्तातलं प्रतिपिंड आधी उतरतं. ढीग निघायला आणि फेस थांबायला त्यानंतर कित्येक महिने जातात. पीएलए2आरविरुद्धच्या प्रतिपिंडांचा आकडा खाली आला असेल, तर लघवीतलं प्रोटीन अजून दिसतंय म्हणून घाबरून औषध सोडू नका.