सेट होतं म्हणजे नेमकं काय होतं?

नोव्हेंबर महिन्यात नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या बाजूला दोन द्राक्ष बागायतदार भेटले की एक प्रश्न हमखास निघतो, “सेटिंग कसं झालंय?” नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत ‘सेटर’ नावाचं पदच असतं. भांडी बाजारात स्टीलच्या डब्यांचा सेट मिळतो, कॉलेजात शिकवण्याची इच्छा असलेली मुलं सेटची परीक्षा देतात, आणि ‘पोरगा पुण्यात सेट झाला’ हे आईवडील समाधानाने सांगतात. कुणाचं काम वशिल्याने झालं की त्यालाही लोक ‘सेटिंग’च म्हणतात. हे सगळे ‘सेट’ एका दिवसात एकाच माणसाच्या कानावर पडू शकतात, आणि तो एकदाही अडखळत नाही. हे कसं जमतं, याचा शोध शास्त्रज्ञ निदान पन्नास वर्षं घेत आहेत. त्यातून जे हाती आलं आहे, ते मला फार सुंदर वाटतं.

इंग्रजीतही हा शब्द साधासुधा नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या एका क्रियापदाचे 430 अर्थ नोंदवले होते आणि ती नोंद सुमारे 60,000 शब्दांची होती. त्या कोशातली ती सर्वांत मोठी नोंद. पुढे ‘रन’ या शब्दाने तो मान घेतला.

या अर्थांचा गुंता सोडवायला लागलं की आधी दोन धागे वेगळे होतात. क्रियापद ‘सेट’ हे ‘सिट’चं प्रयोजक रूप आहे, म्हणजे आपल्या ‘बसणे’वरून ‘बसवणे’ व्हावं तसं. त्याचं मूळ आणि संस्कृतातल्या सद् धातूचं मूळ एकच. सदन, परिषद, उपनिषद हे शब्द त्याच घराण्यातले. डब्यांचा किंवा गणितातला सेट, ज्याला आपण संच म्हणतो, तो मात्र प्रामुख्याने दुसरीकडून आला आहे. लॅटिनमध्ये अनुयायांच्या समूहाला ‘सेक्ता’ म्हणत. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून झिजत इंग्रजीत आला, आणि उच्चार जुळल्यामुळे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून गेले. परीक्षेच्या ‘सेट’चा तर या दोघांशीही संबंध नाही, ती ‘स्टेट एलिजिबिलिटी टेस्ट’ या तीन शब्दांची आद्याक्षरं आहेत. म्हणजे ऐकायला एक असलेल्या या शब्दात काही अर्थ सख्खे आहेत आणि काही केवळ नावबंधू. हा फरक लक्षात ठेवावा, मेंदूच्या प्रयोगात तो पुन्हा येणार आहे.

सख्ख्या अर्थांकडे आधी पाहू. नाशिकमध्ये ते रोजच्या कामात दिसतात, आणि त्या प्रत्येकामागे वेगळंच विज्ञान आहे.

ऑक्टोबर छाटणीनंतर साधारण सव्वा ते दीड महिन्याने वेल फुलोऱ्यात येते. द्राक्षाचं फूल इतकं बारीक असतं की ते फूल आहे हे नवख्या माणसाला कळतही नाही. त्याच्या पाकळ्या वरच्या टोकाला जोडलेल्या असतात आणि उमलताना त्या बुडापासून सुटून टोपीसारख्या गळून पडतात. मग परागकण बाहेर येतात. परागीभवन नीट झालेली फुलं घडावर टिकतात आणि त्यांचे मणी फुगू लागतात. बाकीची बरीच गळतात. ही टिकण्या-गळण्याची वेळ म्हणजे सेटिंग. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षात तर आणखी एक गंमत आहे. त्यात फलन होतं, बी धरायला सुरुवातही होते, पण गर्भाची वाढ लवकरच थांबते. बी अर्धवट राहतं आणि मणी मात्र वाढत जातो. या दिवसांत पाऊस आला की गळ होते, कूज होते, डाऊनी नावाचा रोग येतो. म्हणून तेव्हा अख्ख्या निफाड आणि दिंडोरी तालुक्याचं लक्ष आभाळाकडे असतं. त्या काळातल्या ‘सेटिंग झालं’ या दोन शब्दांत वर्षभराच्या कमाईची पहिली खात्री असते.

आता सिमेंट. स्लॅब टाकल्यावर तो ‘वाळला’ असं आपण सहज म्हणून जातो, पण सिमेंट वाळून घट्ट होत नाही. त्यातल्या कॅल्शियमच्या संयुगांची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि नवे, एकमेकांत गुंतलेले कण तयार होतात. म्हणून तर सेट झाल्यावरही त्याला कित्येक दिवस पाणी मारावं लागतं. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटची सेटिंगची सुरुवात 30 मिनिटांच्या आत होता कामा नये आणि शेवट 600 मिनिटांच्या पुढे जाता कामा नये. ही वेळ विकॅट नावाच्या उपकरणाने मोजतात. त्याची बारीक सुई ओल्या सिमेंटच्या लगद्यात सोडतात, आणि ती तळापर्यंत जायची थांबली की सेटिंग सुरू झालं असं धरतात. सिमेंट फार घाईने सेट होऊ नये म्हणून दळतानाच त्यात थोडा जिप्सम घातलेला असतो.

दह्याचं निराळं. विरजणातले जीवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. दुधाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) 6.6 च्या आसपास असतो. तो 4.6 च्या जवळ आला की केसिन नावाच्या प्रथिनाचे कण एकमेकांना धरतात आणि त्यांच्या जाळ्यात पाणी अडकून बसतं. पाककृतींच्या व्हिडिओंमध्ये हल्ली “दही सेट व्हायला ठेवा” असं म्हणतात. आजी “दही लागलं” म्हणायची, आणि मला आजही तेच जास्त आवडतं.

सातपूर-अंबडचा सेटर संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या सीएनसी मशीनवर टूल बसवतो, ऑफसेट म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती घालतो, पहिला पीस काढून मापात बसतो का ते पाहतो, आणि मगच ऑपरेटर उत्पादन सुरू करतो.

मणी, सिमेंट, दही, मशीन. रसायन आणि जीवशास्त्र सगळं वेगळं, पण गाभा एकच आहे. जे हलतं, वाहतं किंवा अनिश्चित असतं, ते आपल्या जागी पक्कं बसतं. पुण्यात सेट झालेला पोरगाही याच गाभ्यातून आला आहे. आपल्या ‘लागणे’चं हेच तर आहे. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, झाडाला फळ लागतं. अनेक अर्थ पोटात घेण्याची ही क्षमता कुठल्या एका भाषेची मिरास नाही.

मग मेंदू नेमका अर्थ कसा उचलतो? 1979 मध्ये डेव्हिड स्विनी या मानसशास्त्रज्ञाने एक देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा आणि चोरून ऐकण्याचं यंत्रही. लोकांना एक गोष्ट ऐकवली, तिच्यात ‘बग’ हा शब्द आला, आणि त्याच क्षणी समोरच्या पडद्यावर एक शब्द दाखवला. तो खरा शब्द आहे की नुसता अक्षरांचा घोळ, हे बटण दाबून सांगायचं. गोष्टीत किड्यांचाच उल्लेख असला तरी ‘मुंगी’ आणि ‘हेर’ या अर्थांचे दोन्ही शब्द लोकांनी संबंध नसलेल्या शब्दापेक्षा झटकन ओळखले. म्हणजे क्षणभर दोन्ही अर्थ मनात जागे झाले होते. तीनच अक्षरांइतका वेळ जाऊ दिला, तर फक्त संदर्भाला धरून असलेला अर्थ उरला होता. निवड होते, पण आपल्याला तिचा पत्ता लागण्याआधी. पुढच्या संशोधनाने यात भर घातली. एखादा अर्थ फार वापरातला असेल आणि संदर्भही भक्कम असेल, तर दुसरा अर्थ फारसा डोकंच वर काढत नाही.

पुढच्याच वर्षी मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी डोक्याला इलेक्ट्रोड लावून हे वेगळ्या बाजूने पाहिलं. ‘त्याने पावावर मोजे फासले’ अशा धर्तीचं वाक्य वाचताना, न बसणारा शब्द आला की सुमारे 400 मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत लहरीत ठळक फरक दिसतो. वाक्य संपायची वाट न पाहता मेंदू प्रत्येक शब्द आधीच्या शब्दांशी ताडून पाहत असतो.

आता सख्खे आणि नावबंधू. जेनिफर रॉड आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवलं की ज्या शब्दाचे अर्थ एकमेकांशी नातं सांगतात, तो शब्द लोक लवकर ओळखतात. अर्थ परके असतील तर ओळखायला किंचित उशीर होतो. म्हणजे सख्ख्या अर्थांची गर्दी शब्दाला जड होत नाही, उलट मदत करते. जास्त वापरल्या जाणाऱ्या शब्दांना जास्त अर्थ असतात, हे भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफने 1945 मध्येच नोंदवलं होतं. 2012 मध्ये स्टीव्हन पियांतादोसी आणि सहकाऱ्यांनी त्याचं पटणारं कारण मांडलं. संदर्भ बरंच काही आधीच सांगून टाकत असेल, तर छोटे, तोंडाला सोपे शब्द पुन्हा पुन्हा वापरणंच किफायतशीर ठरतं. अनेकार्थी शब्दांना भाषेचा ढिसाळपणा म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

संगणकाला मात्र हे फार उशिरा साधलं. 2013 साली आलेल्या ‘वर्ड-टू-व्हेक’ पद्धतीत प्रत्येक शब्दाला आकड्यांची एकच ओळ मिळे. त्यामुळे घडाचं सेटिंग, मोबाईलचं सेटिंग आणि वशिल्याचं सेटिंग यांची एकच खिचडी झाली असती. 2018 च्या ‘बर्ट’सारख्या भाषा शिकणाऱ्या मॉडेलमध्ये शब्दाची ओळ शेजारच्या शब्दांनुसार बदलू लागली. ‘घड’ शेजारी असेल तर वेगळी, ‘मोबाईल’ असेल तर वेगळी. पण ही मॉडेल लिहिलेल्या मजकुरावर शिकतात. सेटरने शिकाऊ मुलाला सांगितलेल्या खुणा, बागायतदारांच्या बांधावरच्या गप्पा यातलं फार थोडं कागदावर उतरतं. मराठी शब्दकोशांत ‘सेटिंग’पुढे ‘फुलोऱ्यानंतर मणी धरणे’ हा अर्थ लिहिला जावा आणि त्याखाली निफाडच्या शिवारातलं एखादं खरं वाक्य उदाहरण म्हणून छापावं, अशी माझी कोशकारांना मनापासून विनंती आहे.