फवारा मारला की पेस्टल का काळवंडतं?

शिल्पकार ओगुस्तँ पाजू बाह्या सरसावून आपले गुरू लेमॉय्न यांचा अर्धपुतळा मातीत घडवतो आहे, असं एक व्यक्तिचित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. आदेलाइद लाबीय-गियार या चित्रकर्तीने ते १७८२ साली पेस्टलमध्ये काढलं. पुढच्याच वर्षी तिला फ्रान्सच्या राजेशाही कला अकादमीचं सदस्यत्व मिळालं. अशी चित्रं पाहिली की ‘जुन्या लोकांकडे रंगांची गुप्त विद्या होती, ती लोप पावली’ असं हमखास बोललं जातं. गुप्त विद्या वगैरे काही नव्हती. ते तेज हवेमुळे येतं.

पेस्टलची कांडी म्हणजे रंगद्रव्याची पूड, त्यात खडूसारखी पांढरी भुकटी आणि बांधायला ट्रॅगकांथ डिंकाचं अगदी पातळ पाणी. डिंक जास्त झाला तर कांडी कागदावर ओरखडे काढते, कमी झाला तर बोटांतच चुरा होतो. प्रत्येक रंगद्रव्याला डिंक वेगळा लागतो. मुलांच्या दप्तरातल्या ऑइल पेस्टलमध्ये मेण आणि तेल असतं, त्यामुळे त्याचं वागणं निराळं. खऱ्या पेस्टलची पूड खरखरीत कागदाच्या तंतूंत नुसती अडकून बसते आणि कणाकणांमध्ये हवा राहते.

हवेचा अपवर्तनांक (प्रकाश पदार्थात शिरताना किती मंदावतो ते सांगणारा आकडा) १, खडूचा साधारण १.६. प्रकाश समोरून पडला की या सीमेवर सुमारे ५ टक्के परावर्तित होतो. पुडीत अशा सीमा असंख्य असतात, म्हणून बराचसा प्रकाश वरच्या थरातूनच विखरून परत येतो. आता फवारा मारून हवेच्या जागी १.५ अपवर्तनांकाचा डिंक किंवा राळ भरा. परावर्तन ०.१ टक्क्यावर येतं, म्हणजे जवळपास पन्नासपट कमी. प्रकाश खोल शिरतो, रंगद्रव्यात आणि खालच्या कागदात शोषला जातो आणि चित्र काळवंडतं. ओल्या फळ्यावर खडूने लिहिलेलं वाळल्यावरच ठळक होतं, तेही याच कारणाने. पाजूच्या हाताखालची माती ओली असताना गडद आणि सुकल्यावर फिकी दिसते, तिथेही हेच भौतिकशास्त्र आहे.

मग पूड पक्की करायची कशी? आंत्वान-जोसेफ लोरियो याने अठराव्या शतकात माशाचा सरस पाणी आणि मद्यार्कात मिसळून शिंपडण्याची रीत काढली. द्रावण फार पातळ असेल तर केशाकर्षणाने (बारीक फटींत द्रव आपोआप ओढला जाण्याने) ते कणांच्या स्पर्शबिंदूंपाशी ओढलं जातं आणि मधल्या पोकळ्या मोकळ्या राहतात. म्हणून फवारा झिरझिरीत हवा, आणि एक हात पूर्ण सुकल्यावरच दुसरा. एकदम भिजवलं तर पोकळ्या भरतात, वर थेंबांचे डाग पडतात. ‘रंगात तसूभरही फरक पडणार नाही’ अशी जाहिरात करणाऱ्या बाटल्यांवर विश्वास ठेवू नका. कण घट्ट धरण्याइतका सरस घातला की थोडी हवा जातेच.

त्यामुळे जुन्या पेस्टलची खरी राखण काचच करते. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये पट्टी घालून अंतर ठेवावं. साधं ॲक्रिलिक वापरू नये. पुसताना त्यावर स्थिर विद्युतभार साठतो आणि तो पूड ओढून घेतो. काचही कोरड्या फडक्याने खसाखसा घासू नये. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली तर डिंकावर बुरशी धरते. प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात, कारण गालांवरची लाली ज्या किरमिजी रंगाने येते तो उजेडात सर्वांत आधी उडतो.