आहारपूरके

आहारपूरके : रोजच्या जेवणाला जोड म्हणून गोळ्या, कॅप्सूल वा पूड या रूपांत घेतली जाणारी जीवनसत्त्वे, खनिजे, मेदाम्ले, वनस्पतींचे अर्क इत्यादी. अन्न कोठे संपते आणि औषध कोठे सुरू होते, हे प्रत्येक देशाचा कायदा आपापल्या परीने ठरवतो. भारतात ही उत्पादने अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या कक्षेत येतात. कमतरता असताना घेतलेले पूरक आणि साठा पुरेसा असताना घेतलेले पूरक यांचे पुरावे वेगवेगळे तपासावे लागतात.

फॉलिक अम्ल या ब गटातील जीवनसत्त्वाचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. त्याच्या इतिहासाचा एक धागा मुंबईत सापडतो. ल्यूसी विल्स या ब्रिटिश रक्तविकारतज्ज्ञांनी १९२८ च्या सुमारास येथील गरोदर गिरणी-कामगार स्त्रियांच्या पांडुरोगाचा (रक्तक्षयाचा) अभ्यास सुरू केला. यीस्टच्या अर्काने (मार्माइट) रुग्ण सुधारतात, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातील अज्ञात घटकास ‘विल्स घटक’ म्हटले गेले व तोच फॉलिक अम्ल, असे अनेक ग्रंथांत सरसकट आढळते. मात्र फॉलिक अम्ल हे नाव १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून मिळवलेल्या द्रव्याला दिले गेले (लॅटिन फोलियम म्हणजे पान), तर विल्स यांचे प्रयोग इतर ब जीवनसत्त्वेही असलेल्या कच्च्या अर्कांवर होते. त्या घटकात फोलेट (फॉलिक अम्लाचे अन्नातील नैसर्गिक रूप) प्रमुख होते, एवढेच म्हणणे अधिक रास्त वाटते. पुढे १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत, आधीच्या गर्भात मेंदू वा मेरुरज्जूचा जन्मजात दोष असलेल्या स्त्रियांना रोज ४ मिग्रॅ. फॉलिक अम्ल दिल्यावर दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली.

क जीवनसत्त्वाने स्कर्व्ही (त्याच्याच अभावाने होणारा रोग) बरा होतो. त्याने सर्दी टळते, हा दावा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये लोकप्रिय केला. एकत्रित आढाव्यांनुसार नियमित सेवनाने सामान्य लोकांची सर्दी टळत नाही, प्रौढांत तिचा काळ सुमारे ८ टक्क्यांनी कमी होतो. बीटा कॅरोटीन या शरीरात अ जीवनसत्त्वात बदलणाऱ्या द्रव्याची गोष्ट उलटी आहे : फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत (१९९४) ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला.

माशाच्या तेलाबाबत मतभेद आहेत. त्यातील ईपीए या ओमेगा-३ मेदाम्लाचे शुद्ध एस्टर (संयुग) रोज ४ ग्रॅम दिल्याने हृदयविकाराच्या घटना २५ टक्क्यांनी घटल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. तुलनेच्या गटाला दिलेल्या खनिज तेलानेच त्या गटाची प्रकृती बिघडवली असावी, असा आक्षेप आहे. मक्याचे तेल वापरलेल्या पुढच्या चाचणीत (२०२०) लाभ दिसला नाही. पण तिच्यात डीएचए हे माशाच्या तेलातील दुसरे मेदाम्लही होते. बाजारातील कॅप्सूलची मात्रा या दोन्हींहून बरीच कमी असते.

अश्वगंधेच्या चाचण्या लहान व अल्पमुदतीच्या असून त्यांत वापरलेले अर्क एकसारखे नाहीत. यकृताला इजा झाल्याची काही प्रकरणे नोंदली गेली आहेत.