अंधारखोली (छायाचित्रण)

बाहेरचा प्रकाश पूर्णपणे अडवलेल्या ज्या जागेत प्रकाशसंवेदी काच, फिल्म किंवा कागद रसायनांतून काढून त्यावरील चित्र प्रकट व स्थिर केले जाते, तिला अंधारखोली म्हणतात. फोटोग्राफरांच्या बोलण्यात मात्र ‘डार्करूम’ हाच शब्द रुळला आहे. ‘कॅमेरा’ या लॅटिन शब्दाचा अर्थही खोली असाच होतो, त्यामुळे छायाचित्र एका अंधाऱ्या खोलीत टिपले जाते आणि दुसऱ्या अंधाऱ्या खोलीत दिसू लागते, असे म्हणता येते.

चांदीचे क्षार उजेडात काळवंडतात हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. अडचण होती ते काळवंडणे थांबवण्याची. ज्या पदार्थात चांदीचे क्षार विरघळतात असे शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना १८१९ मध्ये आढळले, तो १८३९ पासून छायाचित्र स्थिर करण्यासाठी वापरात आला. त्याचे शास्त्रीय नाव पुढे सोडियम थायोसल्फेट असे दुरुस्त झाले, तरी जुन्या ‘हायपोसल्फाइट’ नावाचे ‘हायपो’ हे लघुरूप स्टुडिओतून हटले नाही. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कोलोडियन काचेची (कोलोडियन या चिकट द्रावणाचा लेप दिलेल्या काचेची) पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीत लेप सुकण्याआधीच चित्र टिपून धुवावे लागे, म्हणून बाहेरगावी जाणाऱ्या छायाचित्रकाराला काळा तंबू, बाटल्या व पाणी असा संसार बरोबर न्यावा लागे. रिचर्ड मॅडॉक्स यांच्या जिलेटिनच्या कोरड्या काचेने (१८७१) हे ओझे हलके केले, आणि १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी शंभर चित्रांचा रोल भरलेला कोडॅक कॅमेरा विकून धुण्याचे काम कारखान्याकडे घेतल्यावर हौशी माणसाचा अंधारखोलीशी संबंधच सुटला.

महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध अंधारखोली बहुधा एका घरातलीच म्हणावी लागेल. त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रण व छपाईच्या ब्लॉकनिर्मितीच्या व्यवसायात होते. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मुंबईत पुरा केला. त्या काळी कच्ची फिल्म कडेच्या छिद्रांविना येत असे. अंधारात बसून ती छिद्रे पाडण्याचे आणि फिल्म धुण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी शिकून घेतले होते. या कामाची दखल फार उशिरा घेतली गेली. पुढे फाळके यांनी नाशिक हेच आपले निर्मितीकेंद्र केले आणि १९४४ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

कृष्णधवल कागदाला तांबडा उजेड जाणवत नाही, म्हणून प्रिंट काढताना लाल दिवा चालतो. सर्व रंगांना संवेदनशील असलेल्या पँक्रोमॅटिक फिल्मला मात्र ठार काळोख लागतो. तीन ट्रे ओळीने मांडलेले असतात: चित्र प्रकट करणारा डेव्हलपर, त्याची क्रिया थांबवणारे सौम्य आम्ल, आणि चित्र स्थिर करणारा हायपो. पांढरा कागद पहिल्या ट्रेमध्ये बुडवून ट्रे हलकेच हिंदकळवत राहिले की काही सेकंदांत आधी केस, भुवया, कोटाची काळी कड उमटते आणि चेहऱ्याच्या छटा मागाहून भरत येतात.

द्रावणाचे तापमान सुमारे २० अंश सेल्सिअस असावे लागते, आणि नाशिकच्या हवेत ते राखणे सोपे नसे. उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे गेला की जिलेटिनचा थर मऊ पडून निगेटिव्हवरून सुटू लागतो. त्यावर ट्रेभोवती बर्फ ठेवणे आणि हायपोत तुरटी घालून थर कठीण करणे हे उपाय होते. याउलट नाशिकची थंडी दहा अंशांखाली उतरते, तेव्हा डेव्हलपरमधील हायड्रोक्विनोन हे रसायन जवळजवळ निष्क्रिय होते आणि प्रिंट फिकट, राखाडी येतात. अशा वेळी गरम पाण्याच्या घमेल्यात ट्रे ठेवून काम करावे लागे.

रंगीत फिल्म यंत्रावर धुणाऱ्या लॅब आल्यावर स्टुडिओतील अंधारखोली मागे पडू लागली आणि डिजिटल कॅमेऱ्याने तिची गरजच संपवली. ‘रोल धुवायला टाकला’ हा वाक्प्रयोग मात्र रोल भरलेल्या पिढीच्या तोंडी अजून आहे.