पाडलेली दोन विमानं

१ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचं ००७ क्रमांकाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि साखालिन बेटाजवळ एका सोव्हिएत लढाऊ विमानानं ते पाडलं. २६९ माणसं गेली. पाच वर्षांनी, ३ जुलै १९८८ रोजी, ‘विन्सेन्स’ या अमेरिकी युद्धनौकेनं पर्शियन आखातावर इराण एअरचं ६५५ क्रमांकाचं विमान क्षेपणास्त्रं डागून पाडलं. २९० माणसं गेली, त्यांत ६६ मुलं होती.

या दोन घटना तंतोतंत सारख्या नव्हत्या. सोव्हिएत सरकारनं तर सुरुवातीचे काही दिवस विमान पाडल्याचं कबूलच केलं नाही. तरीही गाभा एकच होता: तणावाच्या काळात सैन्याच्या हातून निरपराध प्रवासी मारले गेले. म्हणूनच रॉबर्ट एंटमन या संशोधकानं दोन्ही वेळच्या अमेरिकी बातम्या शेजारी ठेवून वाचल्या. १९९१ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोरियन विमानाच्या वेळी ‘न्यूजवीक’च्या मुखपृष्ठावर ‘हवेतला खून’ अशा अर्थाचा मथळा होता. इराणी विमानाच्या वेळी त्याच साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ‘हे का घडलं’ अशा अर्थाचा मथळा होता. पहिल्या बातमीत ‘हल्ला’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता, दुसरीत ‘शोकांतिका’. पहिलीत प्रश्न होता गुन्हेगार कोण याचा. दुसरीत रडार, पडद्यावरचे आकडे आणि गुंतागुंतीची यंत्रणा यांची चर्चा होती. यातलं बरंचसं छापलेलं खरंही होतं. वाचकाच्या मनातलं चित्र ठरलं ते कशावर प्रकाश टाकला आणि काय अंधारात राहिलं यावरून. संज्ञापनशास्त्रात, म्हणजे माध्यमं आणि संवाद यांच्या अभ्यासात, याला ‘चौकट’ म्हणतात.

ही चौकट वाचकाला इतकी सहज का पटते, याचं उत्तर मनाच्या एका सवयीत आहे. आपल्या माणसाकडून वाईट घडलं तर आपण कारण परिस्थितीत शोधतो. नावडत्या गटाकडून घडलं तर ते त्यांच्या स्वभावात शोधतो. थॉमस पेटिग्रू या सामाजिक मानसशास्त्रज्ञानं १९७९ मध्ये याची दुसरी बाजूही मांडली, आणि मला तीच जास्त अस्वस्थ करते: नावडता गट चांगलं वागला, तर त्याचं श्रेय त्याला मिळत नाही. ‘नाइलाज झाला म्हणून वागले,’ असं आपण म्हणतो.

याचं ठळक उदाहरण म्हणजे जॉन फॉस्टर डलेस. १९५६ मध्ये सोव्हिएत संघानं १२ लाख सैनिक कमी करण्याची घोषणा केली, तेव्हा डलेस अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. हे सैनिक उद्या अणुबाँब बनवायला लागतील, त्यापेक्षा पहारा देत उभे असलेले बरे, असा त्यांचा सूर होता. ओले होल्स्टी या राज्यशास्त्रज्ञानं पुढे डलेस यांची विधानं तपासली. सोव्हिएत धोरण मवाळ झालं की डलेस त्याचं कारण सोव्हिएत संघाच्या दुबळेपणात शोधत. सोव्हिएत संघाबद्दलचं मूळ मत मात्र जागचं हलत नसे. अशा चौकटीत प्रतिस्पर्ध्याला विश्वास कमावण्याची वाटच उरत नाही.

पलीकडच्या माणसांना कसं दिसत असेल? मॉस्कोत जन्मलेला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ यूरी ब्रॉनफेनब्रेनर १९६० मध्ये सोव्हिएत संघात गेला. रशियन उत्तम येत असल्यानं तो सामान्य लोकांशी थेट बोलू शकला. ते सरकार युद्धखोर आहे, स्वतःच्या जनतेला लुबाडतं, लोकांचा त्याला मनापासून पाठिंबा नाही, त्याच्या शब्दावर भरवसा ठेवता येत नाही: अमेरिकेत सोव्हिएत संघाबद्दल ऐकलेलं जवळजवळ प्रत्येक वाक्य त्याला तिथे अमेरिकेबद्दल ऐकू आलं. त्यानं याला ‘आरशातली प्रतिमा’ म्हटलं. दोन्हीकडची साधी, भली माणसं मनापासून हे बोलत होती.

सोव्हिएत वृत्तपत्रांवर सरकारचा ताबा होता, हे उघड आहे. मुक्त वृत्तपत्रं असलेल्या देशात काय होतं, हे समजायला लान्स बेनेट या राज्यशास्त्रज्ञाचं १९९० मधलं संशोधन उपयोगी पडतं. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा या देशाबद्दलच्या अमेरिकी धोरणाची ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधली चर्चा त्यानं तपासली. संसदेतले नेते आपसांत भांडत होते तोवर पानांवर विरोधी मतं दिसत होती. विरोधी नेते गप्प झाले तशी ती मतंही आटली. बातमीदार मंत्रालयं आणि नेते यांच्याकडूनच माहिती घेतात, त्यामुळे नेत्यांच्या वादाचा परीघ तोच बातमीचा परीघ होतो. परराष्ट्राच्या बाबतीत हे अधिकच खरं, कारण शेजारचा रस्ता वाचक स्वतः पाहू शकतो, दूरचा देश पाहू शकत नाही.

सत्तांची मांडणी बदलली की चित्रही बदलतं. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना १९३३ मध्ये जपानी लोकांचे गुण निवडायला सांगितले, तेव्हा ४३ टक्क्यांनी ‘कष्टाळू’ निवडलं. महायुद्धानंतर, १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण १२ टक्के होतं. १९६९ च्या पाहणीत, जपान मित्रदेश झाल्यावर, ५७. जपानी माणसाचे कष्ट तर अधेमधे थांबले नव्हते.

अर्थात सगळी नावड माध्यमांनीच घडवलेली असते असं मला वाटत नाही. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत फेब्रुवारी १९८९ मध्ये ७२ टक्के अमेरिकी लोकांचं चीनबद्दल मत चांगलं होतं. जूनमध्ये बीजिंगमध्ये निदर्शकांवर गोळ्या चालल्या, आणि त्याच वर्षी ते ३४ टक्क्यांवर आलं. तिथे माणसं खरोखरच मेली होती.

‘विन्सेन्स’वर त्या सकाळी काय झालं, ते चौकशीत बाहेर आलं. विमान नौकेच्या रोखानं खाली येत आहे, असं कर्मचारी कप्तानाला सांगत होते. यंत्रणेतल्या नोंदींत मात्र ते वर चढत होतं, प्रवासी विमानाचा संकेत देत होतं आणि आपल्या ठरलेल्या हवाई मार्गातच होतं. त्याच वेळी नौकेची इराणी बोटींशी चकमक चालू होती. हल्ला येणार अशी मनाची तयारी होती, आणि समोर चढते आकडे असताना त्यांना उतरणारं विमान दिसलं.